धुराड्याचं जॅकेट

"हा रडतोय का?" नायनांनी विचारलं.

"गातोय."

"गाताना डोळे मिटतात?"

"तुम्ही भजनात मिटता की."

"भजनात मला बघायला तिकीट काढून कुणी येत नाही," ते म्हणाले आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा बघू लागले.

नायना म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या पूर्व भागातली आम्ही पद्मशाली माणसं घरात तेलुगू बोलतो. विणकामाच्या मागे इकडे येऊन चार पिढ्या झाल्या, तरी तेलुगू सुटली नाही. त्यामुळे घरातलं बोलणं मी इथं मराठीत सांगतेय इतकंच समजा.

फोटो मी काढलेला होता. त्यातला मुलगा इम्तियाज नदाफ. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होता, वर्गात कमी आणि गेटवर जास्त. तो रॅप करायचा. सोलापुरी मराठीत, मध्येच घरच्या दखनीत, आणि नाव घेतलं होतं 'धुराडं', बंद पडलेल्या गिरणीवरून. त्याच्या कार्यक्रमाला पोरं इतका दंगा करायची की एकदा दिलेलं मंगल कार्यालय दुसऱ्यांदा मिळायचं नाही. मी पुण्यात फोटोग्राफीचा कोर्स करून परत आले होते आणि लग्नांचे अल्बम करायला लागू नयेत म्हणून कॅमेरा घेऊन ह्याच्या मागे हिंडत होते. सगळे मला 'फोटो' म्हणायचे. भार्गवी येलदी हे नाव फक्त आधार कार्डावर उरलं होतं.

तर त्या फोटोत इम्तूचे डोळे गच्च मिटलेले आहेत, तोंड आ वासलेलं आहे, मानेची शीर टरारून वर आलीय, आणि मागे धुरकट उजेडात नुसते हात. कुठली ओळ चाललीय ते बघणाऱ्याला कळत नाही, पण ती पोटातून येतेय हे कळतं. महिनाभर तो फोटो निम्म्या सोलापूरच्या स्टेटसला होता.

स्टेटसवरून तो अंगावर आणायची अक्कल माझी. मी ढगळ टी-शर्ट शिवून घेतले, छातीवर कार्यक्रमांतले माझे फोटो छापून घेतले, मानेच्या पट्टीवर 'पूर्व भाग' असं लेबल लावलं आणि कार्यक्रमाच्या दाराशी टेबल टाकून बसले. माल हातोहात गेला. पूर्व भाग म्हणजे विणकरांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची वस्ती. शहरातल्या बऱ्या घरची पोरं आमच्याकडे यायची ती फक्त चादर घ्यायला. तीच पोरं आता 'पूर्व भाग' अंगात घालून हिंडताना पाहिली की मला दोन दिवस जेवण गोड लागायचं.

पुढच्याच आठवड्यात बाजारात एका हातगाडीवर माझाच फोटो, माझंच लेबल, निम्म्या भावात. भांडायला गेले तर गाडीवाला शांतपणे म्हणाला, "ताई, फोटो काय तुमच्या एकटीचाय का? सगळ्यांच्या मोबाईलमदी हाय की." त्याची छपाई दोन धुण्यांत उडायची. माझी पाच धुण्यांत उडायची, त्यामुळे मलाही फार तोंड वर करून बोलता येईना. घरी येऊन रडले, आणि रडता रडता मागाकडे लक्ष गेलं.

नायना वॉल हँगिंग विणायचे. भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं: देव, पुढारी, नवरा-नवरी. माणसाचा फोटो घ्यायचा, तो चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन काळा करत उतरवायचा, त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे हातमागाच्या डोक्यावरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, लावायचे. एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा. असं करत करत सुतात माणूस उमटतो. तो छापलेला नसतो, कापडच तो असतो, आणि कापड विरेपर्यंत जात नाही. हे काम करणारे आमच्या गल्लीत तेव्हा दोघंच उरले होते आणि त्यातल्या दुसऱ्याला दिसत नव्हतं. विणलेला इम्तू हातगाडीवाला कुठून आणणार होता?

अडचण होती अन्नाची. अन्ना म्हणजे थोरला भाऊ, श्रीहरी. त्याला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळत होतं, पण मशिनी ठेवायला जागा नव्हती, कारण घरातली एकुलती एक मोठी खोली मागानं अडवली होती. भिंतीवरचं चित्र मागायला वर्षभरात कुणी फिरकलं नव्हतं. लाकूड आणि लोखंड घेणाऱ्या भंगारवाल्याशी त्यानं बोलूनही ठेवलं होतं.

"एवढा महिना थांब," मी त्याला म्हटलं.

"तुझ्या टी-शर्टवाल्या पोरांसाठी?"

"टी-शर्ट नाही, जॅकेट. पाठीवर विणलेला फोटो. इम्तू स्टेजवर घालणार आहे. पुण्याचा एक दुकानदार बघायला येणार आहे, असलेच कपडे विकतो तो. त्याला आवडलं तर तो चाळीस घेईल. चाळीस म्हणजे माग वर्षभर चालला की रे."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर भंगारवाल्याला फोन मी लावीन."

अन्ना थांबायला तयार झाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला दोन मुलं होती इतकंच. आणि माग निघाला तर नायनांना कुठं बसवायचं हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या तीन वर्षं आधी अम्मा गेली, तेव्हापासून ते जेवायला आणि झोपायला तेवढे मागावरून उठायचे. काम नसलं तरी तिथंच बसायचे, आडव्या धाग्याचा रिकामा धोटा हातात घेऊन. माग गेला तर नायना जातील, असं मला तेव्हा सरळ सरळ वाटत होतं. कुणापुढे बोलले नाही, पण जॅकेट त्यासाठी होतं. ब्रँड वगैरे त्याच्यानंतर.

नायना कामाला लागले. आधी मागाला हळदकुंकू लावलं, मग चष्मा पुसला, मग चौकटीचा कागद पसरला. त्या दिवसांत त्यांना जेवायला दोनदा हाक मारावी लागायची आणि त्याचंच मला बरं वाटायचं. एकदा कागद बघायला मागितला तर म्हणाले, "जवळून बघून तुला काय कळणार?" ते खरंच होतं, जवळून ते नुसते काळे-पांढरे चौकोन असतात. विणायला लागल्यावर तर काहीच दिसत नाही, कारण चित्राची सुलटी बाजू खाली असते आणि विणलेलं कापड रुळाला गुंडाळत जातं. वर दिसते ती उलटी बाजू, तिथं काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. मग मी बघायचा नाद सोडला, बाह्यांना लागणारं चादरीचं कापड आणलं, अस्तर आणलं, नवं लेबल विणून घेतलं आणि पुण्याच्या त्या दुकानदाराला, ओजस लेलेला, रोज एक मेसेज टाकत राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कापड मागावरून उतरलं. नायनांनी ते माझ्यासमोर चटईवर पालथं टाकलं आणि मग उलटलं.

इम्तूच होता. नाक त्याचं, कपाळ त्याचं, कानातली बाळीसुद्धा. पण तोंड मिटलेलं होतं. डोळे उघडे होते आणि सरळ समोर बघत होते. मानेची शीर गेली होती, केस भांग पाडून सारखे केले होते. मागचे हात तेवढे तसेच राहिले होते, आणि आता ते मिरवणुकीतल्या गर्दीचे वाटत होते.

"नायना, हे काय केलंत?"

"काय?"

"त्याचं तोंड."

"मिटवलं." त्यांनी कापडावरून हात फिरवला. "पोरगा देखणा आहे गं. तुझ्या फोटोत कळत नव्हतं. बघ आता."

त्यांना खरंच वाटत होतं की मला आनंद होईल. त्याला कारण होतं. जिवंतपणी ज्यांचा एक फोटो निघाला नाही अशा माणसांच्या घरचे लोक पूर्वी तिरडीवरचा फोटो घेऊन त्यांच्याकडे यायचे. नायना त्या चेहऱ्याचे डोळे उघडायचे, बसलेले गाल भरायचे, आणि चित्र बघून घरचे म्हणायचे, अगदी असाच दिसायचा. त्याच कामासाठी त्यांचं नाव होतं. फोटोतली उणीव काढून द्यायची असते आणि त्यासाठी कुणाला विचारायचं नसतं, अशीच त्यांची समजूत होती. दोष माझ्या फोटोत आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"त्याचं ओरडणं हेच तर विकायचं होतं मला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"ओरडणं कुणी पाठीवर घालतं का?"

अन्ना दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, कापड उचललं आणि शिवायला बसला. दुपारपर्यंत जॅकेट तयार झालं. शिलाई सुरेख होती, फक्त कॉलर शाळेच्या शर्टासारखी कडक बसली होती. मी ते पिशवीत घातलं आणि निघाले. विणकाम इतकं सुंदर होतं की इम्तू चेहऱ्याकडे दुर्लक्ष करील, अशी मी रिक्षात बसून स्वतःची समजूत घालत होते.

स्टेजमागच्या खोलीत दहा-बारा पोरं होती. जॅकेट खुर्चीच्या पाठीला अडकवल्यावर सगळी गोळा झाली.

"कोण बे हे?" एकानं विचारलं.

"भावी नगरसेवक," दुसरा म्हणाला. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

खोली हसली. इम्तू हसला नाही, आणि तो हसला असता तर बरं झालं असतं. तो गुडघ्यावर बसला आणि कापडावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"फोटो, माझं तोंड कुठाय?"

"वडिलांनी मिटवलं. त्यांना वाटलं, चांगलं दिसेल."

"चांगलंच दिसायलंय की. जीव ओतलाय गं म्हाताऱ्यानं. असलं काम माझ्या बापजन्मात कुणी माझ्यासाठी केलं नाही." तो उठला. "पण हे घालून मी वर जाऊ कसं, सांग की. पाठ फिरवली की मागं गप बसलेला मी दिसणार. आमच्या घरात सगळे गपच बसलेत बे. गिरणी बंद पडली तवा दादा, अब्बाचे अब्बा, गप बसले, ते मरेपर्यंत. त्यांना बघून अब्बा गप. मी एकटा बोलायलोय. मला गप बघायला पोरं कशाला येतील?"

"कापड तरी बघ."

"बघितलं की. तोंड उघड त्याचं, मग घालतो. आईशपथ घालतो."

ओजस लेले कोपऱ्यात उभा होता. पांढरे बूट, गोड बोलणं. त्यानं जॅकेट उलटंपालटं करून शिवण पाहिली, धागा नखानं ओढून पाहिला. "कापड अफाट आहे," तो मला म्हणाला. "मी असं काही पाहिलेलं नाही, खरं सांगतो. पण मी इथवर त्या फोटोसाठी आलो होतो, आणि हा तो फोटो नाही. पुढच्या रविवारी ह्याचा पुण्यात शो आहे. तिथे फोटोत आहे तसं आणा. तो स्टेजवर घालेल, मी तिथल्या तिथे ऑर्डर देतो. तेव्हाही नाही जमलं तर मात्र राहू दे, माझा हंगाम निघून जातो."

इम्तू साध्या काळ्या टी-शर्टात वर गेला. पोरं नेहमीसारखी वेडी झाली. मी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही, जॅकेटची पिशवी मांडीवर घेऊन मागं बसून राहिले.

घरी आले तर नायना मागावरच होते.

"घातलं?"

"नाही."

"खांद्यात बसलं नाही का?"

"खांद्यात बसलं असतं. तोंड उघडं हवंय त्यांना."

त्यांनी पिशवीतून जॅकेट काढून मांडीवर पसरलं. मग म्हणाले, "उघडंच?"

"उघडंच. आणि डोळे मिटलेले. फोटोत आहे तसं, काही न बदलता. पुढच्या रविवारपर्यंत. नाहीतर नायना, अन्नाचं काही चुकत नाही."

"नाही, त्याचं कुठं चुकतंय," ते म्हणाले. "करतो."

हात आणि छाती यांचे पुठ्ठे होते तेच चालणार होते, फक्त मानेपासून कपाळापर्यंतचा कागद नव्यानं काढायचा होता. मी फोटो लॅपटॉपवर मोठा करून त्यांच्या शेजारी बसले. ते विचारायचे, वरचे दात दिसतात का? जीभ कुठवर? डोळ्याच्या कडेला सुरकुत्या किती? मी सांगायचे. ते पडद्याकडे एकदा बघून लगेच मान खाली घालायचे. पडद्याच्या उजेडानं त्यांचे डोळे दुखत असतील असं समजून मी तो कमी केला. कागद झाला, पुठ्ठे झाले, जेकार्डला लागले. शुक्रवारी सकाळी त्यांनी विणायला घेतलं, आणि मी ओट्यावर बसून नव्या जॅकेटचं अस्तर कापत आतला खटखटाट ऐकत होते. ओजसला मेसेजही टाकला की माल घेऊन येतेय.

जेवणं झाल्यावर माग पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळानं थांबला. धागा तुटला असेल म्हणून मी वाट पाहिली. मग आत गेले.

नायना धोटा मांडीवर घेऊन बसले होते.

"पुढचे पुठ्ठे तोंडाचे आहेत," ते म्हणाले.

"मग?"

"होत नाही."

"हात दुखतोय का?"

"हात बरा आहे." त्यांनी चष्मा काढला. "तू पुण्याहून आलीस तेव्हा अम्मा कशी दिसत होती?"

मला कळेना हे आत्ता काय काढलं. "शांत," मी म्हटलं. "झोपल्यासारखी."

"तशी नव्हती."

मी उभी होते ती खाली बसले.

"दवाखान्यात तिला फार त्रास झाला. तुला आम्ही कमी सांगितलं. ओरडतच गेली ती. तोंड ह्याच्यासारखं, एवढं. डोळे असेच आवळलेले. तिथं त्यांनी जबड्याला पट्टी बांधली, ती घरी आणेपर्यंत सुटली. बायका म्हणाल्या, पोरगी बसमध्ये बसलीय, तिला असं दाखवू नका. मग मी धरून बसलो." त्यांनी तळहात स्वतःच्या हनुवटीखाली लावून दाखवला. "इंदापूर आलं म्हणून तुझा अन्नाला फोन आला, तेव्हा धरलेलं होतं. टेंभुर्णी झालं. मोहोळ झालं. सोडलं की उघडायचं. दुसऱ्या हातानं डोळ्यांच्या सुरकुत्या काढत होतो, एकेक. नंतर ती गार पडत गेली तशी राहिली. तू दारात आलीस तेव्हा हात काढला."

बाहेर अन्नाची मुलं कशावरून तरी भांडत होती.

"फोटोतल्या पोराचं तोंड मी मुद्दाम नाही मिटवलं गं," नायना म्हणाले. "म्हणजे मुद्दामच, पण मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि आता कागद काढला, पुठ्ठे पाडले, म्हटलं होईल. होत नाही."

मला काय झालं ते सांगते. रडू आलं नाही. राग आला. तीन वर्षं मी त्या शांत चेहऱ्यावर दिवस काढले होते. शेवटी तिला काही त्रास झाला नाही, हे मी लोकांना सांगत होते, स्वतःला सांगत होते, आणि तो चेहरा नायनांनी हातानं केलेला होता. मग त्या रागाचं काय करायचं ते कळेना, कारण समोर ते बसले होते, आणि त्यांनी केलं ते माझ्यासाठी केलं होतं.

"उठा," मी म्हटलं. "मी विणते."

"तू?"

"पुठ्ठे तयार आहेत. पाय मारायचा, धोटा टाकायचा. एवढंच राहिलंय ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाही म्हणतील असं वाटलं, पण ते सावकाश उठले. "फणी हलक्या हातानं ओढ, धागा बसण्यापुरती," म्हणाले. "धागा तुटला तर हाक मार." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

लहानपणी खेळ म्हणून मी मागावर बसले होते, तेवढंच. पाय मारला, वर पुठ्ठा फिरला, धोटा टाकला. पहिले काही धागे वेडेवाकडे बसले, मग जमायला लागलं. चाळीस जॅकेटं, मी मनात म्हणत होते. चाळीस जॅकेटं, आणि माग राहतो, आणि नायना राहतात. हनुवटी झाली असावी. खालचा ओठ झाला असावा. मग माझ्या समोरच्या उलट्या बाजूवर मधोमध पांढरं दिसायला लागलं. इथं पांढरं म्हणजे खाली काळं, हे मला माहीत होतं. प्रत्येक धाग्याबरोबर ती पांढरी जागा थोडी रुंद होत गेली.

अम्माचं ते तोंड मी पाहिलं नव्हतं. ते कुणी मला दिसू दिलं नव्हतं, आणि आता ते मी स्वतःच्या पायानं, एकेक धागा करत उघडत होते. वर अजून दात होते, ओठ होता, नाक, आणि मग डोळे. सगळं त्या पुठ्ठ्यांत भोकं पाडून तयार होतं. मला फक्त पाय मारायचा होता. मी पुणं आठवलं, इम्तू आठवला, भंगारवाल्याला फोन लावायचं अन्नाला दिलेलं वचन आठवलं. पाय उचलला गेला नाही.

बाहेर नायनांना माग थांबलेला ऐकू आला असणार. त्यांनी हाक मारली नाही, आत येऊन विचारलंही नाही. खूप वेळानं मी बाहेर गेले तर ते गल्लीकडे तोंड करून बसले होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.

इम्तूला मी एवढंच कळवलं की होत नाही. त्याचा उलट मेसेज आला, "का बे?" पुण्यात तो मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं पाठवलेलं जॅकेट घालून स्टेजवर गेला, त्याचे फोटो दुसऱ्या कुणी काढले आणि ते चांगले आले. ओजसनं काही कळवलं नाही. उरलेले टी-शर्ट मी वाटून टाकले. ह्याला आता नऊ वर्षं झाली. मी लग्नांचे अल्बम करते, बरं चालतं. नायना पुढे दोन वर्षं होते. ओट्यावर बसायचे, आत गणवेशाच्या मशिनी चालायच्या, आणि कुणी गल्लीतून जाताना विचारलं तर बरं आहे म्हणायचे. पण ते बरे नव्हते आणि ते मला रोज दिसत होतं.

त्या रविवारनंतर भंगारवाल्याला फोन मीच लावला होता. अन्ना म्हणाला, "अजून थोडं थांबू की." मीच नको म्हटलं. आता थांबून त्या मागावर कुणी काही विणणार नव्हतं.

माणसं सकाळी आली. आधी त्यांनी अर्धवट कापड कापून काढलं आणि सुताच्या ढिगावर टाकलं. पुठ्ठ्यांच्या माळा रद्दीत गेल्या. नायना पांढरा शर्ट घालून दाराशी उभे होते.

"एक फोटो काढ," ते मला म्हणाले. "मागाचा. मोडायच्या आधी."

"तुम्हीही उभे राहा."

ते आत गेले, तोंड धुऊन, केसांना तेल लावून आले. मागाच्या चौकटीला एक हात लावून ताठ उभे राहिले, आयुष्यभर त्यांनी विणलेली माणसं उभी असायची तसे. ओठ मिटलेले, नजर सरळ. भंगारवाल्याची माणसं अदबीनं बाजूला झाली, पण एकजण मागच्या बाजूनं जेकार्डचे खिळे काढत होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काढ," नायना म्हणाले.

मी बटण दाबलं आणि त्याच वेळी त्यानं मागून हातोडा घातला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नायनांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि तोंड उघडं होतं.

"परत एकदा," मी म्हटलं. पण जेकार्ड एका बाजूनं खाली आलं होतं, आणि ते तिकडे वळले होते.

"आला का चांगला?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"आला."

"बघू."

"कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवते," मी म्हटलं आणि कॅमेरा बंद केला. त्यांनी परत कधी विचारलं नाही.